स्वालबार्डला जायचं असेल तर व्हिसावर '02' बघा

स्वालबार्डला व्हिसा लागत नाही, हे वाक्य जागोजागी वाचायला मिळतं आणि ते खरंही आहे. 1920 च्या करारानुसार नॉर्वेच्या सार्वभौमत्वाखाली आलेला, उत्तर ध्रुवाकडचा हा द्वीपसमूह शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या, बाहेर आहे. पण तिथे जाणारं प्रवासी विमान नॉर्वेतल्या ऑस्लोहून किंवा ट्रोम्सोहून सुटतं आणि भारतीय पासपोर्टवर नॉर्वेत शिरायला शेंगेन व्हिसा लागतोच. म्हणजे एकदा नॉर्वेत शिरायचं, तिथून शेंगेनबाहेर पडून स्वालबार्डला जायचं आणि परतताना पुन्हा नॉर्वेत शिरायचं. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर परतीची वाट बंद. नॉर्वेचं परदेशी नागरिकांचं खातं, म्हणजे यूडीआय, दोन प्रवेशांचा व्हिसा (ज्यावर '02' छापलेलं असतं) घ्या असं स्पष्ट सांगतं. तरी ठरवायला लागलो तेव्हा मराठीत याबद्दल कुठे काही सापडलं नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी नाशिकची, एका सहकारी बँकेत नोकरी करते. नांदूर मध्यमेश्वरला हिवाळ्यात पक्षी बघायला जाण्याचं वेड जुनं. तिथे थव्याने उतरणारी बदकं ज्या उत्तरेकडून येतात, ती उत्तर एकदा उन्हाळ्यात बघायची, पक्षी अंड्यांवर बसलेले असताना बघायचे, ही इच्छा. धाकटी बहीण घरी शिकवण्या घेते. तिला पक्ष्यांपेक्षा बर्फाची ओढ. सप्टेंबर 2024 मध्ये आम्ही ठरवलं आणि हिशोबाला बसलो.

पहिला प्रश्न बोटीचा. स्वालबार्डला जाणारे बहुतेक जण आठवड्याभराच्या छोट्या जहाजावर चढतात, द्वीपसमूहाला वळसा घालतात आणि जहाजावरच राहतात. त्याला माणशी चार लाखांच्या पुढे, विमानभाडं वेगळं. ते आमच्या आवाक्यातलं नव्हतं. दुसरा मार्ग म्हणजे लॉंगयिअरब्येन या मुख्य गावात मुक्काम ठोकून तिथून दिवसाच्या बोटसफरी करायच्या. आम्ही तो निवडला आणि मला तो मनापासून आवडला. गावात राहिलं की चालत पक्षी बघता येतात, हवा बिघडली तर सफर पुढे ढकलता येते, आणि चार दिवस एकाच घरट्याकडे पुन्हा पुन्हा जाता येतं. फक्त ध्रुवीय अस्वलासाठीच जायचं असेल तर मात्र जहाजाचे पैसे साठवा.

वेळ आम्ही 2025 च्या जूनअखेरची धरली. साधारण 20 एप्रिल ते 22 ऑगस्ट तिथे सूर्य मावळत नाही. मे महिन्यात बर्फ खूप असतो, ऑगस्टअखेर कड्यांवरचे पक्षी समुद्रावर निघून गेलेले असतात. जूनअखेर-जुलैत फ्योर्डं, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, बर्फातून बऱ्यापैकी मोकळी होतात, घरट्यांत अंडी-पिल्लं असतात आणि तापमान 4 ते 8 अंशांच्या आसपास.

जानेवारीत खोली धरली, रद्द करता येईल अशीच. गाव अडीच हजार वस्तीचं, स्वस्त खोल्या मोजक्या, त्या सगळ्यात आधी संपतात. खाणकामगारांच्या जुन्या बराकींत आता गेस्टहाउसं आहेत. दोघींच्या खोलीला रात्रीचे सुमारे 1,500 क्रोनर पडले, बाथरूम सामाईक, स्वयंपाकघर वापरायला मोकळं. क्रोनर तेव्हा साडेआठ रुपयांच्या आसपास होता. तो स्वयंपाकघराचा ओटा या सगळ्या हिशोबात सगळ्यात मोलाचा ठरला, त्याबद्दल पुढे.

आता व्हिसा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो. नॉर्वेचा अर्ज यूडीआयच्या पोर्टलवर भरायचा, फी तिथेच कार्डाने भरायची (90 युरो, आणि केंद्राची सेवा-रक्कम वेगळी), मग व्हीएफएसच्या, म्हणजे व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या, केंद्रात वेळ घ्यायची. 18 मार्चला रात्री आम्ही अर्ज भरला. किती प्रवेश हवेत, या रकान्यात 'दोन' निवडा. पण तेवढ्यावर थांबू नका. मी सोबतच्या पत्रात तारखांचा एक छोटा तक्ता टाकला: 28 जून ऑस्लोत प्रवेश, 29 जून ऑस्लोहून स्वालबार्डला निर्गमन, 6 जुलै स्वालबार्डहून ऑस्लोत दुसरा प्रवेश, 7 जुलै मुंबईकडे. प्रत्येक ओळीपुढे विमानाचा क्रमांक. खाली एकच वाक्य: स्वालबार्ड शेंगेनबाहेर असल्याने दोन प्रवेशांची गरज आहे. हा तक्ता पुढे अतिशय कामाला आला.

बाकी कागद नेहमीचे: दहा वर्षांच्या आत काढलेला आणि परतीनंतर किमान तीन महिने वैध असलेला पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं, 35 बाय 45 मिलिमीटरचे फोटो, शिक्क्यासह बँकेचा खातेउतारा, आयकर विवरणपत्रं, विमानाचं आणि राहण्याचं आरक्षण, माझं रजेचं पत्र आणि बँकेची ना-हरकत. ना-हरकतीला आमच्याकडे तीन टेबलं फिरावं लागतं, म्हणून ते काम फेब्रुवारीतच सुरू केलं होतं. बहिणीचं उत्पन्न शिकवण्यांचं, विवरणपत्रातला आकडा छोटा. तिच्यासाठी मुदत ठेवींचं प्रमाणपत्र आणि 'प्रवासखर्च मी करते आहे' असं माझं सही केलेलं पत्र जोडलं, सोबत आमच्या दोघींचं नातं दाखवणारा कागद. घरी मिळवती नसलेली किंवा छोटा व्यवसाय करणारी बाई अर्ज करत असेल तर ही तयारी नीट करा, तिथे हात आखडू नका.

विम्याची एक मेख आहे. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो, तो कुठलीही कंपनी देते. पण पॉलिसीत 'शेंगेन देश' एवढंच लिहिलेलं असेल तर स्वालबार्ड त्यात येतं का? आम्ही विमा कंपनीला ईमेल केला आणि 'नॉर्वे, स्वालबार्डसह, आणीबाणीत हलवण्याच्या खर्चासह' असं लेखी उत्तर मागून घेतलं. लॉंगयिअरब्येनला छोटं रुग्णालय आहे, गंभीर रुग्णाला विमानाने ट्रोम्सोला नेतात. त्या विमानाचा खर्च कोण देणार, हे घरी बसूनच ठरलेलं बरं.

व्हीएफएसची वेळ 16 एप्रिलची मिळाली, मुंबईत. पंचवटीने गेलो. काउंटरवरच्या ताईंनी कागद चाळले आणि विचारलं, "एकाच देशात जाताय ना? मग दोन एंट्री कशाला?" मी तक्ता पुढे केला. त्यांनी तो वाचला, मान हलवली आणि फाइलमध्ये सगळ्यात वर लावला. बोटांचे ठसे, फोटो, पावती. तासाभरात बाहेर.

मग वाट बघणं. नियमाप्रमाणे निर्णयाला 15 दिवस धरतात, काही वेळा 45 पर्यंत जातात. पासपोर्ट दिल्लीच्या दूतावासात, इकडे बहीण रोज सकाळी ट्रॅकिंग उघडून बसायची. "ताई, अजून तेच दाखवतंय." विमानाची तिकिटं आम्ही काढून ठेवली होती, ती परत न करता येणारी नव्हती, तरी पोटात गोळा होताच. मेच्या दुसऱ्या आठवड्यात कुरिअर आलं. पाकीट उघडल्यावर नाव, जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक तपासाच, पण प्रवेशसंख्येचा रकाना आधी बघा. तिथे '01' असेल तर त्याच दिवशी दुरुस्तीच्या मागे लागा. '02' किंवा 'MULT' (अनेक प्रवेश) ऐवजी दुसरं काही चालणार नाही. आमच्या दोघींच्या व्हिसावर '02' होतं.

सामानाबद्दल थोडकं. एक जाड जॅकेट नेण्यापेक्षा तीन थर न्या: अंगालगत लोकरीचा किंवा सिंथेटिक, वर फ्लीस, सगळ्यात वर वारा-पाऊस अडवणारा. सुती कपडे भिजले की वाळत नाहीत. झोपताना डोळ्यांवर बांधायची पट्टी हवीच, कारण रात्री दोनला खिडकीत ऊन असतं. उलटीच्या गोळ्या हव्यात. बूट घरीच ब्रशने घासून तळव्यांतली माती आणि बिया काढा, कारण बाहेरच्या वनस्पती तिथे पोचू नयेत यासाठी फार जपतात. ड्रोन घरी ठेवा. विमानतळापासून पाच किलोमीटरच्या आत उडवायला बंदी आहे आणि गाव त्या पाच किलोमीटरमध्येच येतं. पैसे कशावर घालायचे असतील तर चांगल्या दुर्बिणीवर घाला, लांब लेन्सच्या आधी.

खाण्याचं: युरोपाबाहेरून नॉर्वेत दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तूप, पेढे, खवा काही नाही. भाजणी, मेतकूट, पोहे, साबुदाणा, गोडा मसाला, शेंगदाण्याचं कूट, हे सगळं बंद पाकिटांत नेलं. तिथे मूल्यवर्धित कर नाही, त्यामुळे थंडीचे कपडे ऑस्लोपेक्षा स्वस्त मिळतात, पण ताजी भाजी विमानाने किंवा बोटीने येते आणि त्या भावाने विकली जाते. हॉटेलात दोन वेळा जेवलो असतो तर बोटीची एक अख्खी सफर गेली असती.

28 जूनला ऑस्लोत पहिला शिक्का बसला. रात्र विमानतळाजवळ काढली. दुसऱ्या दिवशी स्वालबार्डच्या विमानाआधी पुन्हा पासपोर्ट तपासणी, बाहेर पडल्याचा शिक्का. विमान ट्रोम्सोमार्गे असेल तर ट्रोम्सोला सगळ्यांना हातातल्या सामानासह उतरवतात, पासपोर्ट तपासतात आणि पुन्हा त्याच विमानात बसवतात. घाबरू नका, तीच पद्धत आहे. थेट विमानाला तीनेक तास लागतात. खिडकी मिळाली तर सोडू नका. शेवटचा अर्धा तास खाली फक्त हिमनद्या आणि काळे डोंगर.

लॉंगयिअरब्येन 78 अंश उत्तरेला आहे. विमानतळावर प्रत्येक विमानाला बस असते, ती सगळ्या गेस्टहाउसांपाशी सोडते. कार्ड सगळीकडे चालतं, आम्ही एक क्रोनरही रोख बाळगला नाही. गेस्टहाउसात, संग्रहालयात शिरताना बूट दारात काढायचे. कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून खाणकामगारांनी पाडलेली ही रीत आपल्याला लगेच घरची वाटते. गाव 1906 साली अमेरिकन उद्योजक जॉन मन्रो लॉंगयिअर याच्या कंपनीने कोळशासाठीच वसवलं. आम्ही पोचलो त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 30 जूनला, तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण, 'सात नंबर', बंद झाली. गावात त्याबद्दल हळू आवाजात बोलणं चाललेलं. पर्यटकाने अशा वेळी फोटो काढत फिरू नये असं वाटलं आणि आम्ही काढले नाहीत.

गावाच्या वेशीवर अस्वलाचं चित्र असलेली तिकोनी पाटी आहे, तिच्यापुढे बंदूक आणि ती चालवता येणारा माणूस सोबत असल्याशिवाय जायचं नाही. अस्वल कुठेही येऊ शकतं. बंदूक भाड्याने घ्यायलाही सिसेलमेस्टरची, म्हणजे तिथल्या राज्यपालाची, परवानगी लागते. आपल्यासारख्यांनी वाटाड्याबरोबरच जावं.

पण पाटीच्या अलीकडेसुद्धा इतकं होतं! वस्तीच्या टोकाला कुत्र्यांचे मोठे वाडे आहेत. त्यांच्या कुंपणालगत आयडर बदकांच्या माद्या उघड्यावर अंड्यांवर बसलेल्या. कोल्हा कुत्र्यांच्या भुंकण्याला भिऊन येत नाही, म्हणून ही जागा त्यांनी निवडलेली. आम्ही रस्त्यावर उभ्या राहून बघायचो, एकही उठत नव्हती. खाली उतरायचं नाही, कारण मादी उठली की अंडी उघडी पडतात आणि कुरव, म्हणजे अंडी पळवणारे समुद्रपक्षी, टपलेलेच असतात. पलीकडे तळ्यावर लाल रंगाचे फॅलरोप, छोटे पाणपक्षी, गोल गोल फिरत खाणं वर आणत होते. आणि आर्क्टिक सुरय! दक्षिण ध्रुवाच्या समुद्रावर आपल्या थंडीचे महिने काढून हा पक्षी इथे पिल्लं घालायला येतो. घरट्याजवळून गेलात तर तो थेट डोक्यावर चोच मारतो. तो सगळ्यात उंच बिंदूवर हल्ला करतो, म्हणून हात किंवा काठी वर धरून न थांबता पुढे निघून जायचं. त्याला हुसकावायचं नाही, तिथे आपण उपरे. बहिणीच्या टोपीवर दोनदा प्रसाद पडला आणि त्यानंतर तिला पक्षी आवडायला लागले.

आता बोटी. एका सफरीला माणशी 2,000 ते 3,000 क्रोनर धरा, लांबच्या सफरीला त्याहून जास्त. आरक्षण आम्ही मार्चमध्येच केलं, आणि प्रत्येक दोन सफरींमध्ये एक मोकळा दिवस ठेवला. तो ठेवाच. आमची एक सफर वाऱ्यामुळे रद्द झाली आणि मोकळ्या दिवसावर सरकली. ज्यांचे दिवस घट्ट बांधलेले होते त्यांना पैसे परत मिळाले, पण बोट मिळाली नाही.

पहिली सफर बोरेबुक्ताची, हिमनदीच्या तोंडाशी असलेला उपसागर. किनाऱ्यावर वॉलरस पडलेले, लासलगावच्या बाजारात कांद्याच्या गोण्या एकमेकींवर टाकाव्यात तसे. वास आधी येतो, मग दिसतात. सुळ्यांसाठी, चरबीसाठी इथे त्यांची इतकी शिकार झाली की ते संपत आले होते, 1952 साली संरक्षण मिळालं तेव्हा कुठे हळूहळू परत आले. बोट लांबच थांबली, इंजिन मंद. एकाने डोकं वर केलं तसा कप्तान आणखी मागे सरकला.

अस्वलाचा नियम 1 जानेवारी 2025 पासून कडक झाला आहे. 1 मार्च ते 30 जून किमान 500 मीटर, एरवी 300 मीटर. अस्वल जवळ आलं तर आपण मागे हटायचं. बिलेफ्योर्डमध्ये, नॉर्डेन्श्योल्ड हिमनदीकडे जाताना कप्तानाने अचानक बोट थांबवली. लांब किनाऱ्यावर साय-रंगाचा ठिपका. दुर्बिणीतून तो चालताना दिसला, मान खाली, एका सुरात पावलं टाकत. एक प्रवासी म्हणाला, जरा जवळ घ्या ना. वाटाडी मुलगी शांतपणे म्हणाली, "अस्वलाला आपण आहोत हे कळायला नको, एवढं अंतर बरोबर." काही मिनिटांनी बोट वळली. मला वाईट वाटलं नाही. फोटोत एक ठिपका आहे, पण त्या प्राण्याने आमच्यामुळे वाट बदलली नाही हे मी डोळ्यांनी बघितलं. जवळून फोटो मिळेल अशी जाहिरात करणाऱ्या कुणाकडेही पैसे भरू नका.

शेवटची सफर न्यू ओलेसुंदची, पूर्ण दिवसाची. हे वैज्ञानिकांचं गाव आणि इथेच आपलं हिमाद्री हे संशोधन केंद्र 1 जुलै 2008 पासून आहे. ते चालवणारी राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन संस्था गोव्यात, वास्कोला आहे. बोट फ्योर्डात शिरतानाच फोन विमान-मोडवर टाकायला सांगतात. वायफाय, ब्लूटूथ, घड्याळं, इयरफोन, सगळं बंद, कारण 20 किलोमीटरच्या परिघात संवेदनशील रेडिओ उपकरणं काम करत असतात. हे बोटीवर चढायच्या आधीच करा, कॅमेऱ्याचं ब्लूटूथ विसरलं जातं. गावात फक्त रस्त्यावरून चालायचं, कारण रस्त्याच्या कडेला हंस आणि सुरय अंड्यांवर असतात. हिमाद्रीत शिरता येत नाही, बाहेरून बघायचं. वाळूच्या, उकाड्याच्या वास्कोतून माणसं इथे येऊन हिमनद्यांची आणि समुद्राची मोजमापं करतात, हे त्या दारासमोर उभं राहिल्यावर ऊर भरून आणणारं होतं. बहिणीने दोन्ही हात जोडले.

6 जुलैला आषाढी एकादशी होती. सकाळी गेस्टहाउसात साबुदाण्याची खिचडी केली, शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याला दिली आणि दुपारचं विमान पकडलं. ऑस्लोला अधिकाऱ्याने पानं उलटली, पहिला प्रवेश, मग निर्गमन, मग व्हिसावरचं '02' बघितलं आणि दुसरा शिक्का मारला. रांगेत एक मिनिट लागलं.

एकूण खर्च माणशी अडीच लाखांच्या थोडा वर: मुंबई-ऑस्लो विमान सुमारे 78,000, ऑस्लो-लॉंगयिअरब्येन जाऊन-येऊन सुमारे 30,000, बाकी खोली, बोटी, व्हिसा, विमा आणि किराणा.

आमच्यानंतर एक बदल झाला आहे. 12 ऑक्टोबर 2025 पासून शेंगेनच्या सीमांवर टप्प्याटप्प्याने संगणकीय नोंद सुरू झाली, शिक्क्यांऐवजी बोटांचे ठसे आणि चेहरा. म्हणजे दोन्ही प्रवेशांची नोंद आता यंत्रात राहणार. सीमेवरच्या रांगेला जास्त वेळ धरा, ऑस्लोत स्वालबार्डच्या विमानाआधी किमान तीन तास हातात ठेवा आणि चारही बोर्डिंग पास घरी पोचेपर्यंत जपून ठेवा.